गंगाखेडच्या जनीचं गाणं सातशे वर्षं चाललं कसं?

लग्नाच्या वरातीत डीजेवर तासभर वाजणारं गाणं कुणी लिहिलंय, असं नाचणाऱ्या एखाद्या पोराला विचारून पाहा. गायकाचं नाव कदाचित सांगेल, गीतकाराचं नक्कीच नाही. गाणं गेल्या वर्षीचं असतं, त्याचं ध्वनिमुद्रण असतं, मोबाइलच्या पडद्यावर नावं झळकतात, तरीही. आता त्याच पोराच्या आजीला विचारा : विठोबा बाईमाणसासारखा दळू-कांडू लागला, हे गाणं कुणाचं? ती डोळे वर न करता सांगेल, "जनीचं."

ही जनी म्हणजे संत जनाबाई. जन्मगाव परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गंगाखेड. परंपरेप्रमाणे बापाचं नाव दमा, आईचं करुंड. पोर लहान असतानाच पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी आली आणि जन्मभर तिथेच कामाला राहिली. दामाशेटीचा मुलगा म्हणजे संत नामदेव. तिच्या समाधीचं साल परंपरेने 1350 मानतात. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत.

एक मोलकरीण. घर दुसऱ्याचं, वेळ दुसऱ्याचा, कागद-शाईशी संबंध येण्याचं कारण नाही. पांडुरंग स्वतः बसून जनीचे अभंग लिहून घेई, अशी आख्यायिका आहे. तिच्यातून भक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. बाईच्या गाण्याला लेखनिक कुठून मिळाला, हा प्रश्न लोकांना तेव्हाही पडला होता आणि देवाशिवाय दुसरं उत्तर त्यांना सुचलं नव्हतं. आपण जरा खालच्या पातळीवरची उत्तरं शोधू.

पहिली गोष्ट : माप

जनीच्या आधीपासून महाराष्ट्रातल्या बायका काम करताना ओव्या गात होत्या, याला पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे जनीने छंद नव्याने शोधला नाही. हाताशी होता तो घेतला. अभंग हा ओवीच्याच घरातला.

अभंगाच्या छंदाची गंमत अशी की त्यात अक्षरं मोजतात, मात्रा नाही. 'क' लिहा की 'का', दोन्ही एकच. त्यामुळे गाणारा कुठलंही अक्षर हवं तितकं ताणू शकतो, माप बिघडत नाही. धान्य मोजायच्या मापट्यासारखं हे आहे : ज्वारी भरा, तूर भरा, मापटं तेच. म्हणूनच अभंगाची एक चाल आली की त्या मापाचा दुसरा कुठलाही अभंग तिच्यात म्हणता येतो. नवा अभंग शिकायचा म्हणजे फक्त शब्द शिकायचे, सूर आधीच गळ्यात बसलेला. पाठांतराचं निम्मं ओझं इथेच उतरतं.

चौकट : मोजून पाहा

मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. नमुन्यासाठी ही एक ओळ. ती प्रस्तुत लेखकाची आहे, काव्यगुण शोधू नयेत :
कोंबडा आरवे / पहाटेच्या वेळी / जागी झाली आळी / गोदाकाठी
आता 'आळी' काढून 'गल्ली' घाला. अक्षरं तितकीच राहतात, पण यमक लंगडतं. 'आळी'च्या जागी 'वस्ती सारी' घाला. आता अक्षरंही जास्त होतात आणि म्हणताना जीभ अडखळते. लहान अभंगात दोनच चरण, प्रत्येकी आठ अक्षरांचे, शेवटी यमक.

चौकटीतल्या प्रयोगाचा अर्थ असा : चूक झाली की गाणं स्वतःच ती दाखवतं. अक्षर वाढलं की ताल सुटतो, शब्द बदलला की यमक तुटतं. शब्द विसरला तरी दुसऱ्या चरणाचा शेवट तिसऱ्याचा शेवट ओढून आणतो. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपली चूक कानाने कळते, त्यासाठी पंडित लागत नाही. अर्थात काना-मात्रेइतका पक्का पाठ यातून राहत नाही. मापात आणि यमकात बसणारा दुसरा शब्द खुशाल आत शिरतो, आणि सातशे वर्षांत असे पुष्कळ शिरले असणार.

दुसरी गोष्ट : हात

माप कळलं, पण आठवण कशी राहिली? त्यासाठी जात्याशी बसायला हवं.

परभणीचा मुलूख ज्वारीचा. इथल्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचा एक वाण काढला, त्याचं नावच 'परभणी मोती'. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवता येत नाही. जुन्या पिठाची भाकरी थापता थापता तुटते. म्हणून गिरणी यायच्या आधी घरातल्या बाईला दळण रोजचं होतं, तेही पहाटे, कारण दिवस उजाडल्यावर शेतात जायचं. वर्षातून एकदा म्हणायची आरती आपण विसरतो. रोज पहाटे तास-दीड तास म्हणायचं गाणं विसरणं अवघड.

जातं म्हणजे दोन गोल दगड. खालचा स्थिर, त्याच्या मध्यभागी मेख. वरचा त्या मेखेभोवती फिरतो. वरच्या दगडाच्या मध्याला तोंड, तिथून धान्याची मूठ वैरायची, आणि कडेला लाकडी खुंटा. उजवा हात खुंट्यावर, डावा सुपातल्या ज्वारीवर. दगडांच्या आतल्या अंगाला टाकीचे घाव असतात. ते झिजले की पीठ जाडं पडतं आणि टाकी लावणाऱ्याला बोलवावं लागतं. एकटीने दळलं तर खांदा भरून येतो. म्हणून समोरासमोर दोघी बसतात, पाय पसरून, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. खुंटा जिच्याकडे येतो ती ओढते, दुसरीचा हात तेवढ्यापुरता सैल पडतो. मग उलट.

गाण्याची वाटणीही अशीच होते. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची आणि शेवट घोळवायचा. समोरची घोळवते आहे तोवर पहिलीला पुढची ओवी जुळवायला वेळ मिळतो. आठवत नसेल तर ती नवी रचते, कारण माप हाताला माहीत आहे. इथे गाणारी आणि रचणारी अशा दोन वेगळ्या बायका नसतातच. जनीला एवढी रचना करायला वेळ कधी मिळाला असेल, असं विचारणारे दळणाला फुकट गेलेला वेळ समजतात. तिचा रियाज आणि तिचं लेखन तिथेच चाललं होतं.

'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यातला अनुभव मानसशास्त्रज्ञांनी फार वेगळ्या जागी तपासला. 1975 मध्ये डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. काही याद्या पाण्याखाली पाठ करायच्या होत्या, काही किनाऱ्यावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. आपण एखादी गोष्ट लक्षात ठेवतो तेव्हा भोवतालही तिच्यासोबत मनात जातो, आणि तोच भोवताल पुन्हा मिळाला की ती गोष्ट वर येते. दगडाची घरघर, पिठाचा वास, खांद्यातली ओढ, पहाटेचा गारठा : ओव्यांची भोवतालची यादी ही अशी. म्हाताऱ्या बाईला ओसरीवर बसवून "ओवी म्हणा" म्हटलं तर दोन ओव्यांनंतर ती थबकते. खुंटा हाती दिला की गाडी थांबत नाही.

आणि जनीच्या गाण्याचा विषय काय? दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, धुणं, शेण्या वेचणं, केस विंचरणं. पंढरीचा राणा यातलं प्रत्येक काम तिच्यासोबत करतो, तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. तत्त्वज्ञान म्हणून हे किती थोर, ते जाणकार सांगतील. तगण्याच्या दृष्टीने पाहिलं तर ही फार हुशार निवड आहे. ज्या बाईच्या तोंडी हे गाणं जाणार, तिच्या हातात त्या क्षणी तेच काम आहे. शेणाची टोपली उचलली की शेण्यांचं गाणं आठवणार, घागर उचलली की पाण्याचं. मोठ्या घरच्या कवीला हे साधलं नसतं. त्याच्या गाण्याला आठवण करून द्यायला त्याचा ग्रंथ उघडावा लागतो.

तिसरी गोष्ट : गाण्याच्या पोटातलं नाव

बायकांच्या लाखो ओव्या टिकल्या, पण त्या कुणाच्या ते माहीत नाही. मग जनीचं नाव कसं राहिलं?

कारण ते गाण्याच्या आतच आहे. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. 'तुका म्हणे' सगळ्यांच्या परिचयाचं. जनीची मुद्रा 'जनी म्हणे' किंवा 'दासी जनी', आणि अनेकदा 'नामयाची दासी', म्हणजे नामदेवाची मोलकरीण. ही मुद्राही छंदाच्या मापात आणि बऱ्याचदा यमकात अडकवलेली असते. नाव गाळलं की कडवं मोडतं. गाणाऱ्याने प्रामाणिक असावं, अशी अपेक्षाच यात नाही. नाव घेतल्याशिवाय गाणं पुरंच होत नाही, ही खरी मेख.

यावर लोकांनी एक कथा रचली, ती मला जनीच्या सगळ्या कथांत जास्त आवडते. कबीर जनीला भेटायला पंढरपूरला येतो. पाहतो तर दोन बायका शेण्यांवरून भांडताहेत, ही माझी, ती तुझी. जनी म्हणते, सोपं आहे, शेणी कानाला लावा. जिच्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू येईल ती माझी. कालगणनेत ही कथा बसत नाही, कबीर पंधराव्या शतकातला. पण मालकी कशी सिद्ध करायची, याचा केवढा नेमका विचार तिच्यात आहे. वस्तू उचलून कुणीही नेऊ शकतं. तिच्या आतून येणारा आवाज बदलता येत नाही.

याच्या शेजारी एक अमेरिकी प्रसंग ठेवून पाहू. तिकडच्या डोंगराळ भागातल्या शेतकरी-मजुरांच्या गाण्याला कंट्री म्युझिक म्हणतात. 1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या वतीने राल्फ पीअर हा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन आला. जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब हे कंट्रीचे पहिले मोठे कलावंत तिथेच सापडले. पीअरला नुसता आवाज नको होता, स्वामित्वहक्क नोंदवता येईल असं गाणं हवं होतं, कारण पैसा त्या हक्कात होता. मग कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी गोळा करू लागला. ती थोडीफार बदलली जात आणि त्याच्या नावावर नोंदली जात. ज्या म्हाताऱ्यांकडून ती मिळाली त्यांची नावं त्या कागदावर आली नाहीत.

त्या पद्धतीत नाव कागदावर असतं आणि पैसे देतं. जनीच्या पद्धतीत नाव गाण्यात असतं, पैसे काही देत नाही, पण कागद हरवला तरी राहतं. कारकीर्द म्हणून कुणाची बरी, ते ज्याने-त्याने ठरवावं. जनीला दोन वेळच्या भाकरीपलीकडे काही मिळाल्याचं कुठे दिसत नाही.

मुद्रेची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाव काढणं अवघड, पण घालणं सोपं. 'जनी म्हणे' चार अक्षरांत बसतं, कुणीही आपल्या रचनेला जोडू शकतो. नामदेवाच्या बाबतीत तर नंतरच्या काळात 'विष्णुदास नामा' या नावाचाच कवी होऊन गेला, आणि कुठला अभंग कुणाचा हा गुंता अभ्यासकांना अजून पुरता सुटलेला नाही. नामदेवाची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली, त्यांचा पाठ 1604 साली लेखी बांधला गेला. जनीला तशी पक्की पेटी मिळाली नाही. साडेतीनशेंपैकी तिच्या तोंडचे किती आणि तिच्या नावाने कुणी दुसऱ्याच बाईने केलेले किती, याचा निवाडा होणं कठीण आहे. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या एखाद्या नाव नसलेल्या बाईने आपलं दुःख 'जनी म्हणे' घालून गायलं असेल, तर ते टिकवायचा तिच्यापाशी तेवढाच मार्ग होता.

वाहणारे लोक

जातं घरात असतं. गाण्याला गावाबाहेर न्यायला वेगळी माणसं लागतात. हे काम कीर्तनकारांनी केलं. वारकरी कीर्तनात बुवा एक अभंग निरूपणाला घेतात, मागे टाळकरी उभे, पखवाज शेजारी. बुवा चरण सोडतात, टाळकरी तो उचलून पुन्हा पुन्हा म्हणतात. मुद्दाम लक्ष न देताही श्रोत्यांच्या कानावर एक ओळ किती वेळा पडते पाहा. बुवांच्या जवळ हाताने लिहिलेली वही असे, तिला बाड म्हणतात. त्यात अभंग, दाखले, कथा एकत्र उतरवलेल्या. अमेरिकी अभ्यासक ख्रिश्चन नोवेत्स्के यांनी नामदेवावरच्या 2008 सालच्या पुस्तकात या बाडांवर भर दिला आहे. मराठी संतकविता लेखी राहिली ती बरीचशी या कामाच्या वह्यांतून, आणि त्या वह्या वाचनासाठी नव्हत्या, गाण्याच्या तयारीसाठी होत्या.

दिंड्यांनी उरलेलं अंतर कापलं. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आजही परभणी, गंगाखेड, परळी अशी पंढरपूरला जाते. विदर्भातल्या बाईच्या तोंडचा जनीचा अभंग जनीच्या गावावरून जातो.

परभणीत गाण्यावर जगणाऱ्यांची दुसरीही एक परंपरा आहे, गोंधळाची. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी, आधी देवतांना आवाहन आणि मग रात्रभर आख्यान. परभणीचे राजारामबापू कदम गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेले. तिथे नाव होतं ते सादर करणाऱ्याचं. आख्यान बापाकडून लेकाला मिळालेलं असतं, त्याचा कर्ता कोण हे कुणी विचारत नाही. जनीच्या बाबतीत नेमकं उलट : गाणारी कुणीही असो, नाव जनीचं.

गिरणी आल्यावर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांची सुटका झाली. याबद्दल हळहळणारे बहुतेक लोक स्वतः कधी जात्यावर बसलेले नसतात. पण गाण्याचं दुकान त्या दिवशी बंद झालं, हेही खरं.

पुण्याचे गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी हे वेळेवर ओळखलं. गावागावांत फिरून, गावातल्याच बायकांना सोबत घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या उतरवल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाने ध्वनिमुद्रणं केली. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया म्हणजे 'पारी' 2017 पासून हा ठेवा लोकांसमोर आणते आहे. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही ओव्या आहेत. या संग्रहात जनी वेगळ्याच रूपात भेटते. विठ्ठल तिची वेणी घालतो, रुक्मिणी रुसते, घरात भांडण लागतं. गाणारी बाई आता जनीची गाणी म्हणत नाही, जनीवर गाणी रचते. गीतकाराचं पात्र झालं.

बाकीचं काम यंत्रांनी उचललं. 1949 साली 'संत जनाबाई' हा बोलपट आला, त्यात हंसा वाडकर जनी झाल्या. रेडिओ आला. परभणीला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे, सकाळच्या अभंगांनी कित्येक घरं उठली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. गवयांना ते अपुरं वाटे, पण अभंगाला तेवढं पुरतं : ध्रुपद, दोन-तीन कडवी आणि शेवटी मुद्रा. कॅसेटच्या काळातही नाव सुखरूप राहिलं.

मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत मात्र ध्रुपद आणि फार तर पहिलं कडवं बसतं. चाल गोड असते, मागे पंढरपूरचं दृश्य असतं, लाखो लोक पाहतात. मुद्रा शेवटच्या कडव्यात असते आणि तिथपर्यंत फीत पोचत नाही. खाली नाव येतं ते गायकाचं, संगीत ज्याने नव्याने बांधलं त्याचं आणि कंपनीचं. सातशे वर्षांत मुद्रा गाळून जनीचा अभंग ऐकवण्याची सोय पहिल्यांदाच झाली आहे. काही कीर्तनकार आता चित्रफीत टाकताना शेवटचंच कडवं निवडतात. ते मुद्दाम की सवयीने, ते त्यांनाच ठाऊक.